चाकांवरचं माहेर

माझ्या सासूबाईंविषयी चार चांगले शब्द बोलायचे तर मला आधी दम घ्यावा लागतो. सोजराबाई त्यांचं नाव. लोणारहून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव, आणि गावाच्या उतरणीला आमचा मळा. वांगी, मिरची, कांदा, मेथी, बांधाला केळी. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मीही तोंडावर मामीच म्हणायची, मनात काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या ठेंगण्या होत्या, काटक होत्या, आणि पहाटे वाफ्यांना पाणी धरण्यापासून लोणारच्या बाजारात टोपली मांडण्यापर्यंत कशातही कोणाची मदत मागायच्या नाहीत. त्यांनी मदत मागितली तर समोरचा माणूसच घाबरायचा.

त्यांचा एक नेम होता. लेक दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही. हा नेम काही त्यांनी काढलेला नव्हता, तेव्हा आमच्याकडे बऱ्याच घरांत तो होता. लेकीला मुलगा झाला, नातू मांडीवर आला, की मग आईबापांनी तिच्याकडे जेवायचं, पाणी प्यायचं. तोवर नाही. पण बाकीचे लोक सोयीने वागायचे. कोणी ठरवायचं की चहा म्हणजे काही पाणी नव्हे. कोणी हळूच शेजारच्या घरी जाऊन पिऊन यायचं. मामींना पळवाटा ठाऊक नव्हत्या आणि दाखवल्या तर त्या दाखवणाऱ्यावरच डोळे वटारायच्या.

त्यांची एकुलती लेक झुंबर, म्हणजे माझी नणंद, थेट पूर्णेच्या पलीकडे चिंचखेडला दिलेली. जिल्हा एकच, पण आम्ही या टोकाला आणि ती त्या टोकाला, जिथून सातपुडा दिसतो. लग्नानंतर मामी एकदाच तिच्याकडे गेल्या, तेव्हा घरून कळशी भरून एस.टी.त मांडीवर धरून नेली. झुंबरच्या सासूने, रुखमाबाईंनी, तांब्या पुढे केला तर म्हणाल्या, "राहू द्या इनबाई, माह्यं माह्यापाशी हाय." आता गंमत अशी की त्या सगळ्या भागात विहिरी खाऱ्या. गोडं पाणी होतं ते रुखमाबाईंच्या परसातल्या विहिरीला. अख्खं गाव तिथून दोन घागरी मागून न्यायचं. त्या पाण्याचा रुखमाबाईंना केवढा अभिमान, आणि तेच पाणी विहिणीने नाकारलं. तेव्हापासून दोघींमधलं बोलणं 'या, बसा'च्या पुढे गेलं नाही.

दुसरा एक रिवाज होता, तो मात्र सगळेच पाळायचे. पहिलं बाळंतपण माहेरी. झुंबरला सातव्या महिन्यात आणायला मामी स्वतः गेल्या. आधी बैलगाडी, मग एक एस.टी., मग दुसरी एस.टी. मेहकरच्या अलीकडे तिच्या पोटात कळा सुटल्या. बस थांबवून तिला रस्त्याच्या कडेच्या एका बाभळीखाली उतरवलं आणि तिथेच सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो, असं आम्हाला वाटलं. पाचव्याच महिन्यात आणली, गादीवर निजवून आणली. घरापर्यंत पोचली, पण ते मूलही राहिलं नाही.

आज हे सांगताना मला आमचाच राग येतो. पोरीला रस्त्यावर काढायचंच नाही, हे दोन्ही घरांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही रस्त्याला बोल लावला, खड्ड्यांना लावला, ड्रायव्हरला लावला, झुंबरच्या नशिबालाही लावला. माहेरी आणणं चुकीचं असू शकतं, हे मनातच येत नव्हतं.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जावई उत्तमराव तिला खामगावच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी साफ सांगितलं: हिने आता घरात निजून राहायचं. पुन्हा प्रवास केला तर मूल जाईल आणि कदाचित हीही जाईल. उत्तमराव आमच्याकडे हे सांगायला आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. त्यांच्या आईचा निरोप त्यांनी खाली मान घालून सांगितला. पहिलं बाळंतपण आहे, ते माहेरचं. आमच्या घरात काही वाईट झालं तर बोल आमच्यावर येईल. माहेरच्या माणसाने येऊन जबाबदारी घ्यावी.

"म्हंजे तुले जा लागते," मामाजी म्हणाले. मामाजी म्हणजे माझे सासरे, उकंडराव, गरीब स्वभावाचा माणूस. "नेम सोड आता. दोन-तीन महिने पान्याबिगर राहनार हायेस का?"

मामी उठून चुलीपुढे बसल्या. उत्तमरावांना जेवू घातलं, वाटेला लावलं, आणि मळ्यात जाऊन वांग्यांना पाणी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्या ट्रॉलीभोवती फिरत होत्या.

मामाजींनी जालन्याकडच्या एका बागाईतदाराचा जुना ट्रॅक्टर घेतला होता. आमच्या भागात तेव्हा ट्रॅक्टर म्हणजे अप्रूप. तो चालवायचे आमचे हे. शालिग्राम. नाव घ्यायला आता या वयात मला हरकत वाटत नाही. त्या ट्रॅक्टरमागे शेणखत वाहायची एक दोन चाकी ट्रॉली होती. मामींनी तिच्या फळीवर हात आपटून पाहिला आणि ह्यांना हाक मारली.

"शालिग्राम, यावर खोली बसते का?"

"कायची खोली?"

"घराची. झुंबरले माहेरी आनता येत नाही ना? मंग आपन माहेर घेऊन जाऊ."

मामाजी हसले. हे हसले. मीही पदराआड हसले. मामी तशाच सुताराकडे गेल्या.

आठवडाभरात खोली उभी राहिली. बाभळीचा सांगाडा, बांबूचे तट्टे, वर पत्रा, एका बाजूला खिडकी, मागे दार आणि उतरायला फळीची पायरी. आढ्याला झोळी टांगायला कडी. चूल, जातं, तांदळाचं आणि ज्वारीचं पोतं, डिंक, खोबरं, बाळंतिणीची बाज. हे सगळं मी समजू शकत होते. पण शेवटी मामींनी आमच्या अंगणातली माती खणली, पाट्या भरभरून ट्रॉलीच्या फळ्यांवर ओतली, चोपणीने चोपली आणि शेणाने सारवून घेतली. कारण लेक बाळंत होणार ती माहेरच्या जमिनीवर. नुसत्या फळीवर झाली तर ते माहेर कसलं?

"मामी, वजन किती होईल," मी म्हटलं.

"तुह्या डोक्यावर देऊन राह्यली का मी?" त्या म्हणाल्या. पुढे पूर्णेवर ती माती माझ्याच डोक्यावर आली, पण ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

होळी झाल्यावर आम्ही निघालो. ट्रॅक्टरवर हे, मागे चाकांवरच्या घरात मामी, मी आणि दोन बॅरल पाणी. बैलापेक्षा जरा जलद, एवढाच आमचा वेग. खड्डा आला की जातं उडी मारायचं. सारवलेल्या जमिनीला भेगा पडायच्या आणि मुक्कामाला थांबलो की मामी आधी शेण शोधायच्या, जमीन सारवायच्या, मग चूल पेटवायच्या. मी भुकेने कळवळत असायची. एकदा म्हटलं, पोचल्यावर एकदम सारवू. त्या म्हणाल्या, "घर हाय हे. घर रोज सारवा लागते."

मेहकरच्या अलीकडे ती बाभूळ आली. मला ओळखू आली नसती, मामींना लांबूनच आली. त्यांनी खिडकीतून हात काढून पत्र्यावर थाप मारली. ह्यांनी ट्रॅक्टर थांबवला. मामी उतरल्या, झाडाखाली उभ्या राहिल्या, खालचे काटे पायाने बाजूला केले, आणि मग तिथेच बसून रडल्या. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला काय करावं कळेना म्हणून मी तांब्या नेला. त्यांनी चूळ भरली, तोंड धुतलं आणि "चाल" म्हणाल्या. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवणं जरा कमी केलं.

चिखलीला टायर बदलायला थांबलो तर बाजारच्या माणसांनी आम्हाला घेरलं. सिनेमाचा तंबू कुठे लागणार, असं एकाने विचारलं. दुसऱ्याला आम्ही देवी टोचणारे वाटलो आणि त्याने आपली पोरं पळवली. एक म्हातारा फार खोदून विचारू लागला तेव्हा मामी दारातून म्हणाल्या, "पोरीचं माहेर हाय, तिच्याकडे चाललं." म्हाताऱ्याने खोलीत डोकावून पाहिलं, सारवलेली जमीन पाहिली, आणि गेला तो बाजारातून गुळाची ढेप घेऊन आला. लेकीला द्या म्हणाला. त्याला नावही विचारायचं राहिलं.

चिखलीच्या पुढे घाट उतरायचा होता. ट्रॉलीला ब्रेक नसतो, उतारावर ती मागून ट्रॅक्टरलाच ढकलते, हे ह्यांना माहीत होतं आणि म्हणून ह्यांचा धीर सुटला. "बाई, परत जाऊ," हे म्हणाले. आईला ते बाई म्हणायचे. "ट्रॉली अंगावर येईन माह्या."

मामींनी सुताराकडून दोन मोठे ठोकळे घडवून आणलेच होते. एक माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि आम्ही दोघी एकेका चाकाशेजारून घाट उतरू लागलो. ट्रॉली जोर करू लागली की हे ओरडायचे आणि आम्ही चाकाखाली ठोकळा सारायचा. पुन्हा काढायचा, पुन्हा चालायचं. एका वळणावर मी खडीवरून घसरून आडवी झाले. मामी पलीकडून ओरडल्या, "पडली तं पड वं, पन ठोकळा सोडू नको!" ठोकळा मी सोडला नाही, कोपराचं कातडं मात्र तिथेच राहिलं. खाली पोचल्यावर त्यांनी त्यावर हळद दाबली आणि हात बराच वेळ सोडला नाही.

खामगावपासून पुढे काळी सपाट जमीन, मैलन् मैल झाड नाही, आणि विहिरीवर थांबावं तर पाणी खारं. बॅरल जपून वापरत पूर्णेवर आलो. आमच्या वाटेवर पूल नव्हता, उतार होता. पाणी गुडघाभर, पण अलीकडे-पलीकडे नुसती वाळू. ट्रॅक्टर पाण्यातून गेला आणि पलीकडच्या वाळूत ट्रॉली आसापर्यंत रुतली. चाकं जागच्या जागी फिरत होती.

काठावरचे शेतकरी बैलांच्या दोन जोड्या घेऊन धावत आले. भली माणसं. त्यांच्यात अर्जुनराव म्हणून एक पोक्त होते, त्यांनी आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "माय, ही माती कायले वाहून राह्यली तू? माती काय आमच्याकडे नाही? टाक खाली, खोली आपसूक निघते."

"माती टाकाची नाही."

"मंग बैलं मरतीन."

मामींनी त्यांच्याकडे एकदा, बैलांकडे एकदा पाहिलं. बैल मरू द्यायचे नव्हते आणि माती टाकायची नव्हती. त्यांनी पदर खोचला, पाटी घेतली, विळ्याने सारवण खरवडलं आणि माती भरू लागल्या. पहिली पाटी स्वतःच्या डोक्यावर, दुसरी माझ्या. वाळू तुडवत वर घट्ट जमिनीपर्यंत न्यायची, लुगडं अंथरलं होतं त्यावर ओतायची, परत यायचं. ऊन डोक्यावर, पाय पोळत होते. मी किती वेळा मनात म्हटलं की ही बाई वेडी आहे, आणि प्रत्येक वेळी समोर त्यांची पाठ, वाकलेली, चालत असलेली. थोड्या वेळाने अर्जुनरावांनी आपली पाटी आणली. मग बाकीच्यांनीही. रिकामी ट्रॉली बैलांनी आणि ट्रॅक्टरने मिळून ओढून काढली. मग तीच माती पुन्हा आत, पुन्हा चोपणी, पुन्हा शेण.

चिंचखेडला पोचलो तेव्हा सगळं गाव मागे. रुखमाबाई दारात उभ्या. त्यांनी त्या चाकांवरच्या घराकडे पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"सोजराबाई, माही सून गाडीत बाळंत होनार? लोकं म्हनतीन, सासूनं घराबाहेर काढली!"

"माहेरी झाली म्हनतीन," मामी म्हणाल्या.

"माह्या अंगनात कायचं माहेर?"

"चाकाखाली तुमची माती हाय, इनबाई. पोरीच्या पाठीखाली माही राहीन."

रुखमाबाईंनी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात झुंबर भिंतीला धरून ओट्यावर आली. पिवळी पडलेली, पोट पुढे आलेलं. तिने खोलीत पाऊल टाकलं, खाली बसली, हाताने जमीन चाचपली आणि विचारलं, "बाई, आपल्या अंगनातली हाय?" मामींनी मान हलवली. पोर तिथेच आडवी झाली. रुखमाबाईंनी जमलेल्या लोकांना अंगणातून हाकललं.

खोली अंगणात सोडून, ट्रॅक्टर घेऊन हे परत गेले आणि आम्ही दोघी राहिलो. झुंबर खोलीत निजून. तिच्यासाठी पाणी तिच्या घरचं, गोडं. माझ्यावर नेम नव्हता, मीही तेच प्यायची. मामींच्या हिशेबात मात्र लेकीचं अख्खं गावच लेकीच्या घरात धरलेलं, म्हणून त्यांचं पाणी मी शिवेपलीकडच्या गावातून डोक्यावर आणायची, आणि ते खारं. इतकं खारं की त्यात डाळ शिजायची नाही. चैत्र गेला, वैशाख लागला. रुखमाबाई रोज सकाळी परसातून भरलेली घागर घेऊन खोलीसमोरून मुद्दाम हळू जायच्या.

"काऊन खारं पिता सोजराबाई? पोट खराब होईन."

"आमच्या लोनारचं तळं यापरस खारं हाय. सवय हाय मले."

त्या तळ्याचं पाणी कोणी पीत नाही, हे रुखमाबाईंना कोण सांगणार?

कळा सुरू झाल्या त्या पहाटे. सुईण आली, तालुक्याहून नर्सबाई आल्या. उत्तमराव अंगणात येरझाऱ्या घालत होते. ऊन चढलं, पत्रा तापला, आम्ही त्यावर ओली पोती टाकली. मामी झुंबरच्या उशाशी बसल्या त्या हलल्या नाहीत. तिचं डोकं मांडीवर, तिच्या ओठांना ओलं फडकं. त्यांची स्वतःची कळशी आदल्या रात्रीच संपली होती आणि मला जाऊन भरून आणायला सवड कुठली? दुपारपर्यंत त्यांचे ओठ फुटले. बोलायला गेल्या तर आवाज निघेना. मी कानात म्हटलं, "मामी, एक घोट घ्या. कोनी पाहत नाही." त्यांनी माझ्याकडे नुसतं डोळे वटारून पाहिलं. त्या डोळ्यांचा अर्थ मला इतक्या वर्षांत चांगला कळत होता.

मध्ये झुंबरने डोळे फिरवले. नर्सबाईंचा चेहरा बदलला. मामींनी तिच्या गालावर चापट मारली, एक, दोन, आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या, "झुंबर, तू घरी हायेस. आता कुठी जायाचं नाही. जोर लाव."

उन्हं कलताना मूल रडलं. चांगलं ठणठणीत रडलं, बाहेरच्या माणसांनाही ऐकू गेलं. झुंबर घामाने निथळत होती, पण हसत होती. नर्सबाई म्हणाल्या, मुलगी आहे, दोघी सुखरूप.

रुखमाबाई पायरीशी येऊन थांबल्या. त्यांच्या कडेवर गोड्या पाण्याची घागर होती, बाळाला न्हाऊ घालायला आणलेली. नेम सगळ्यांनाच माहीत होता. नातू झाला तर पाणी. ही तर नात. मी मनात म्हटलं, झालं, आता मला पुन्हा शिवेपलीकडे जावं लागणार, आणि लगेच माझी मलाच लाज वाटली.

मामींनी पोरीला फडक्यात घेतलं. तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. तिच्या टाळूवरून बोट फिरवलं. सगळ्यांना वाटलं, बाईला वाईट वाटलं. मग त्या तिला घेऊन दारापर्यंत आल्या आणि पायरीवर बसल्या.

"इनबाई, पानी द्या."

रुखमाबाईंना कळलं नाही. "न्हाऊ घालाले ना? आनलं ना हे."

"मले प्याले."

"सोजराबाई," रुखमाबाई हळूच म्हणाल्या, "पोरगी झाली हो."

"हाव. दिसून राह्यली ना मले." मामींनी पोर छातीशी धरली. "तिच्यासाठीच तं आली मी इतक्या दुरून. आना."

रुखमाबाई घरात धावल्या. पितळी तांब्या राखेने घासलेला, त्यात पाणी, सोबत गुळाचा खडा. घाईत थोडं सांडलं. पोर माझ्या हातात देऊन मामींनी तांब्या तोंडाला लावला तो उलटा होईपर्यंत काढला नाही. गळ्यावरून ओघळ आले, चोळी भिजली. रुखमाबाई समोर उभ्या राहून पाहत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

"गोडं हाय ना?" त्यांनी विचारलं.

मामींनी रिकामा तांब्या पुढे केला.

"आधी अजून एक द्या," त्या म्हणाल्या, "मंग सांगीन."